नव्या सहायक प्राध्यापकांना शिकवायला शिकवताना: खान्देशातल्या मेडिकल कॉलेजांसाठी दहा आठवड्यांचा आराखडा

एमडी-एमएस झालं, सीनिअर रेसिडेन्सी संपली आणि माणूस सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाला. रुग्ण तपासायला तो तयार असतो. पण शंभर मुलांसमोर तास कसा घ्यायचा, राउंडच्या घोळक्यात मागे उभ्या राहिलेल्या मुलाला काय विचारायचं, वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरांशी कामाचं कसं बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुनं आहे, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय महाविद्यालयं अलीकडची. नव्या कॉलेजात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण ज्याच्याकडे बघून शिकावं असे वरिष्ठ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात.

हा लेख मेडिकल एज्युकेशन युनिटचं, म्हणजे एमईयूचं काम नव्यानं अंगावर आलेल्या समन्वयकासाठी आहे. एनएमसीचा, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा, शिकवण्याबद्दलचा तीन दिवसांचा बेसिक कोर्स पदोन्नतीसाठी लागतोच. ज्याचा झाला नसेल त्याचं नाव आधी पाठवा. पण तीन दिवसांत शब्द कळतात, सवय लागत नाही. सवय लागायला तीच गोष्ट कुणाच्या तरी समोर करावी लागते, लगेच त्याबद्दल ऐकावं लागतं आणि पुन्हा करावी लागते. खालचे दहा आठवडे याच तत्त्वावर बांधले आहेत.

आधी तारखा आणि माणसं

एका तुकडीत आठ जण घ्या, चार-चारचे दोन गट करा आणि प्रत्येक गटाला एक अनुभवी शिक्षक द्या. आठाच्या वर गेलात की प्रत्येकाच्या वाट्याला सराव कमी येतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात. शक्यतो एकाच विभागाचे दोघे एका गटात नकोत. ते एकमेकांना सांभाळून घेतात.

आठवड्यातली एकच दुपार ठरवा, २ ते ४. दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीअखेर संपवा. पावसाळ्यात कपाशीच्या फवारणीतली विषबाधा आणि सर्पदंश यांमुळे मेडिसिन आणि कॅज्युअल्टीतली माणसं मोकळी नसतात. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी दोनला जळगाव-भुसावळकडे कुणाला सेमिनार हॉलमध्ये बसवून शिकवणं हा अन्याय आहे. त्यातच परीक्षा आणि सुट्ट्या येतात. तारखा डीनच्या सहीनं महिनाभर आधी सगळ्या विभागप्रमुखांना कळवा. त्या दोन तासांत या आठ जणांची ओपीडी, ओटी किंवा कॉल ड्युटी लावली जाणार नाही, हे पत्रात स्पष्ट लिहून घ्या. हे एक वाक्य राहिलं तर तिसऱ्या आठवड्यात हजेरी निम्म्यावर येते.

पहिल्या सत्राआधी प्रत्येकाचा एक तास किंवा एक राउंड दहा मिनिटं बसून पाहा. पूर्वसूचना द्या, गुण देऊ नका. तीनच गोष्टी टिपा: किती प्रश्न विचारले, त्यांतल्या किती प्रश्नांची उत्तरं शिक्षकानं स्वतःच देऊन टाकली आणि विद्यार्थी एकूण किती वेळ बोलले. हा कागद जपून ठेवा, कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी लागेल.

पहिला आठवडा: उद्दिष्ट लिहिणं

२०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता येतं यावर बेतलेला अभ्यासक्रम आला आणि निव्वळ व्याख्यानांचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावा असं ठरलं. म्हणजे नव्या शिक्षकाचं बहुतेक शिकवणं लहान गटात, वॉर्डात आणि प्रयोगशाळेत होणार आहे. त्याची तयारी मात्र सत्तर स्लाइडच्या पीपीटीची असते.

प्रत्येकाला येत्या पंधरवड्यात खरोखर घ्यायचा असलेला एक विषय आणायला सांगा. उद्दिष्टात ‘समजेल’, ‘माहीत होईल’, ‘ओळख होईल’ असे शब्द आले की खोडायचे. ‘विद्यार्थ्याला सर्पदंश समजेल’ हे तपासता येत नाही. ‘सर्पदंशाच्या रुग्णात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी विद्यार्थी स्वतः करेल आणि निष्कर्ष सांगेल’ हे तपासता येतं. एका तासाला तीन उद्दिष्टं पुष्कळ झाली. पाच लिहिणाऱ्याला विचारा, यातलं कुठलं विद्यार्थी पुस्तकातून वाचू शकतो? ते काढून टाका.

दुसरा आणि तिसरा आठवडा: मायक्रोटीचिंग

मोजक्या विद्यार्थ्यांसमोर काही मिनिटं एकच कौशल्य वापरून शिकवायचं, अभिप्राय घ्यायचा आणि पुन्हा शिकवायचं, म्हणजे मायक्रोटीचिंग. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला सुरू झाली आणि आपल्याकडे बीएड कॉलेजांत रुळली. एक फेरी अशी असते: ६ मिनिटं शिकवणं, ६ मिनिटं अभिप्राय, १२ मिनिटं पुन्हा आखणी, ६ मिनिटं पुन्हा शिकवणं, ६ मिनिटं पुन्हा अभिप्राय. एकूण ३६ मिनिटं. चार जणांचे १४४ मिनिटं होतात आणि दोन तासांत हे बसत नाही म्हणून बरेच जण पुन्हा शिकवण्याची पायरीच गाळतात. तसं करायची गरज नाही. चौघांनी आधी ओळीनं शिकवून अभिप्राय घ्यावा, त्याला ४८ मिनिटं लागतात. मग त्याच क्रमानं चौघांनी पुन्हा शिकवावं, आणखी ४८. पहिल्याची पुन्हा आखणी बाकीच्यांच्या पाळीत होते. त्याला १२ ऐवजी ३६ मिनिटं मिळतात, पण त्यातला बराच वेळ तो इतरांना बघत असतो आणि त्यातूनही शिकतो. एकूण ९६ मिनिटं, वर बसाउठायला वीस. दोन तासांत नीट बसतं.

एका फेरीत एकच कौशल्य घ्यायचं. या दोन आठवड्यांतल्या पहिल्यात प्रश्न विचारणं, दुसऱ्यात तासाची सुरुवात किंवा फळ्याचा वापर. समोर विद्यार्थी म्हणून दुसऱ्या वर्षाची चार-पाच मुलं बोलवा. सहकारी विद्यार्थी झाले की पीजीच्या तोंडी परीक्षेतले प्रश्न विचारतात आणि सगळा सराव भरकटतो. पुन्हा शिकवताना मुलांची अदलाबदल करा, नाहीतर त्यांना उत्तरं आधीच माहीत असतात.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, साठ मिनिटांचा तास सहा मिनिटांत कोंबणं. विषयाचा एकच तुकडा घ्यायचा, उदाहरणार्थ ‘पिवळे डोळे दिसले तर पहिले दोन प्रश्न कोणते’. दुसरी, प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं. प्रश्नानंतर मनात तीन आकडे मोजायला सांगा. पहिल्यांदा ती शांतता फार लांब वाटते, पण मुलं बोलायला लागतात ती तिसऱ्या आकड्यानंतरच. तिसरी चूक अभिप्रायातली आहे. निरीक्षक विषयावर घसरतात: ‘ती मात्रा आता बदलली आहे.’ ते शिकवण्याबद्दल नाही, चहाच्या वेळी बोला.

अभिप्रायाचा क्रम पाळा. आधी शिकवणारा स्वतः सांगेल काय जमलं, मग निरीक्षक जमलेलं सांगतील, मग शिकवणारा काय बदलेल ते सांगेल आणि शेवटी निरीक्षक एकच बदल सुचवतील. ‘छान झालं’ हा अभिप्राय नव्हे. ‘चार प्रश्न विचारलेस, तीन वेळा पहिल्या बाकावरच्या मुलीनं उत्तर दिलं, चौथं तू दिलंस’ हा अभिप्राय आहे. मोबाइलवर चित्रीकरण जरूर करा, पण फाइल फक्त शिकवणाऱ्याला द्या आणि त्याच्यासमोर आपल्या फोनमधून काढून टाका. ग्रुपवर गेलेली एक क्लिप पुढच्या तुकडीचा विश्वास घालवते.

चौथा आणि पाचवा आठवडा: ओपीडीतली पाच मिनिटं

आमच्या मते या आराखड्यातला सर्वांत उपयोगी भाग हाच. ओपीडीत दीडशे रुग्णांची रांग असते आणि इंटर्न केस घेऊन समोर उभा असतो. घाईत शिक्षक निदान सांगून टाकतो आणि इंटर्न लिहून घेतो. शिकणं शून्य. यासाठी अमेरिकेतल्या कौटुंबिक वैद्यकाच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ ही पाच पायऱ्यांची रीत शिकवा.

समजा इंटर्न सांगतो, ‘अक्कलकुव्याकडचा नऊ वर्षांचा मुलगा. हातपाय दुखतात, फिकट आहे, डोळे पिवळसर, ताप नाही.’

पहिली पायरी, त्याला मत द्यायला लावा: ‘तुला काय वाटतं?’ तो म्हणेल, ‘अ‍ॅनिमिया आहे सर, लोहाच्या गोळ्या देऊ.’

दुसरी, कारण विचारा: ‘कशावरून? डोळे पिवळे का झाले असतील?’

तिसरी, एकच नियम सांगा: ‘सातपुड्यातल्या मुलाला फिकटपणा, कावीळ आणि हाडांचं दुखणं एकत्र असेल तर सिकलसेल तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे एस हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. वाहक आहे की रुग्ण, ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस सांगतं.’

चौथी, बरोबर केलेलं नेमकं सांगा: ‘डोळे स्वतः उजेडात पाहिलेस, म्हणून कावीळ सापडली.’

पाचवी, चूक दुरुस्त करा: ‘लोहाची कमतरता आहे हे न पाहता गोळ्या सुरू करायच्या नाहीत.’

सरावासाठी तिघांचे गट करा. एक इंटर्न, एक शिक्षक, एक घड्याळ धरणारा. आपल्याच ओपीडीतल्या केसवर पाच चिठ्ठ्या लिहा आणि प्रत्येकीला तीन मिनिटं द्या. बहुतेक जण पहिली पायरी सोडून थेट तिसरीवर उडी मारतात. घड्याळवाल्यानं तिथेच थांबवायचं. दुसरी चूक आवाजात असते: ‘कशावरून?’ हे उलटतपासणीसारखं विचारलं की इंटर्न पुढच्या वेळी केसच आणत नाही. तो ‘माहीत नाही’ म्हणाला तर दोन पर्याय द्या आणि निवडायला सांगा. पाच-सहा नियम एका केसवर सांगायचा मोह आवरा. उरलेले पुढच्या रुग्णांसाठी ठेवा.

आणखी एक. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्याचं ‘वाहक’ हे लेबल मुलांच्या लग्नापर्यंत घरच्यांच्या डोक्यात राहतं. ही चर्चा रुग्णासमोर इंग्रजी-मराठीच्या मिश्रणात करायची नाही. पाच पावलं बाजूला जा आणि मग आईवडिलांना त्यांच्या भाषेत सांगा.

हॉलमध्ये जमलं म्हणून संपलं नाही. पुढच्या आठ दिवसांत प्रत्येकानं खऱ्या ओपीडीत दोन केसवर हे करायचं आणि गटातल्या एकानं बघायचं.

सहावा आठवडा: हाताचं काम शिकवणं

‘बघ, असं करायचं, आता तू कर’ यात मधल्या दोन पायऱ्या राहतात. पूर्ण क्रम चार पायऱ्यांचा आहे. शिक्षक नेहमीच्या वेगानं न बोलता करून दाखवतो. मग सावकाश, कारणं सांगत करतो. मग शिकणारा तोंडानं सांगतो आणि शिक्षक तेवढंच करतो. शेवटी शिकणारा बोलत-बोलत स्वतः करतो.

सरावाला वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घ्या. साहित्य अगदी साधं आहे आणि चुका न दिसणाऱ्या आहेत. नवी किंवा स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची, २ मिली ताजं शिरेतलं रक्त त्यात घालायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही. घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका धरायची. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्यानं धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि रुग्णाला नको असताना प्रतिविष जातं. दहाव्या मिनिटाला ‘बघू तरी’ म्हणून नळी उचलणं ही नेहमीची गफलत. वेळ नळीच्या पट्टीवरच लिहायला लावा, केसपेपरवर लिहिलेली वेळ केसपेपरबरोबर दुसऱ्या टेबलावर जाते. आणि हेही शिकवा की रक्त गोठलं म्हणजे विष नाही असं होत नाही. मण्यारीच्या दंशात रक्त गोठतं आणि पापण्या खाली येतात.

तिसऱ्या पायरीवर लोक गडबडतात. शिकणारा ‘आता रक्त घ्या’ म्हणाला आणि टूर्निकेट (दंडाला बांधायची पट्टी) विसरला, तर शिक्षकानं आपणहून बांधायची नाही. हात थांबवायचा. सुई टोचायच्या आधीच कमी काय आहे ते कळतं, म्हणून ही पायरी आहे. एका शिक्षकामागे चारापेक्षा जास्त जण नकोत. रक्ताऐवजी कृत्रिम हात आणि रंगीत पाणी चालेल.

सातवा आठवडा: बोली आणि प्रश्नपत्रिका

नव्या शिक्षकांतले बरेच जण विदर्भ-मराठवाड्याकडून किंवा पुण्या-मुंबईकडून आलेले असतात. रुग्ण मात्र ‘मन्हं पोट दुखस’, ‘चक्कर येस’ असं अहिराणीत सांगतो. रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे, धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची. विद्यार्थ्यांना रुग्णाच्या आजाराचा इतिहास घ्यायला शिकवणारा स्वतःच अंदाजानं ऐकत असेल तर तो अंदाज पुढे दहा पिढ्या चालतो.

एक तास यासाठी ठेवा आणि शिकवायला वॉर्डातल्या अनुभवी मावशी, परिचारिका किंवा आशाताईंना बोलवा. त्यांना इतर व्याख्यात्यांसारखंच मानधन आणि प्रमाणपत्र द्या. त्यांच्याकडून वीस वाक्यं लिहून घ्या: दुखणं, ताप, जुलाब, पाळी, गर्भ, दम. मुख्य तक्रार केसपेपरवर रुग्णाच्या शब्दांतच लिहायची, हे विद्यार्थ्यांना लावून द्यायचं. दुभाष्या लागला तर तो रुग्णाशेजारी बसेल, शिक्षक मात्र रुग्णाकडे बघूनच बोलेल आणि एका वेळी एकच छोटं वाक्य बोलेल. बाईच्या पाळीचा किंवा गर्भपाताचा इतिहास तिच्या मुलाकडून किंवा नवऱ्याकडून वदवून घ्यायचा नाही. त्या वेळी सिस्टरांना सोबत थांबायला सांगा.

दुसऱ्या तासात झालेल्या परीक्षेतले बहुपर्यायी प्रश्न तपासा. शंभर मुलांत एकूण गुणांनुसार वरची ३३ आणि खालची ३३ घ्या. एखादा प्रश्न वरच्यांतल्या २५ जणांनी आणि खालच्यांतल्या ११ जणांनी बरोबर सोडवला, तर सोपेपणा ३६ भागिले ६६, म्हणजे साधारण ५५ टक्के. भेदक्षमता, म्हणजे हुशार आणि कच्च्या मुलांत प्रश्न किती फरक करतो ते: दोन्हींतला फरक १४, दुप्पट करून ६६ नं भागला की ०.४२. प्रश्न चांगला आहे. भेदक्षमता उणे आली तर हुशार मुलं चुकली आणि कच्ची बरोबर आली. बहुतेक वेळा उत्तरसूची चुकलेली असते किंवा प्रश्नाला दोन उत्तरं असतात. प्रत्येकानं आपला एक प्रश्न दुरुस्त करूनच उठायचं.

आठवा ते दहावा आठवडा: माणसं सांभाळणं

नेतृत्वावर व्याख्यान ठेवू नका. प्रत्येकाला एक खरी छोटी जबाबदारी द्या आणि ती आठव्या आठवड्यात नव्हे, दुसऱ्याच आठवड्यात द्या, म्हणजे शेवटच्या सत्रांत बोलायला काहीतरी घडलेलं असेल.

विषय लहान हवा. कॅज्युअल्टीत सर्पदंशाचा रुग्ण आल्यापासून पहिली रक्तचाचणी लागेपर्यंत किती मिनिटं जातात. ड्युटी बदलताना हँडओव्हर लिहिला जातो का. लॉगबुकवर सही किती दिवसांनी होते. रजिस्टरमधल्या आधीच्या वीस नोंदी काढायच्या, उशीर कुठे होतो ते शोधायचं, एकच बदल करायचा आणि पुढच्या वीस नोंदी पाहायच्या. काचेच्या नळ्या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबऐवजी कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत ठेवणं, एवढाही बदल पुरतो. खर्चाचा प्रस्ताव लागेल असा विषय घेऊ नका. टिपणी, नस्ती आणि मंजुरीत दहा आठवडे सहज जातात आणि माणूस काहीच न शिकता थकतो.

इथे काम अडतं ते अधिकारावर. विभागप्रमुखांकडून तीन ओळींचं पत्र घ्या: हा निर्णय तो स्वतः घेईल, यासाठी विचारेल, या तारखेला अहवाल देईल. हे पत्र नसेल तर सिस्टर आणि फार्मासिस्ट ‘मोठ्या सरांना विचारून या’ म्हणतात आणि त्यांची चूक नसते.

बैठक अर्ध्या तासाची. विषय आदल्या दिवशी कळवायचे, तीनपेक्षा जास्त नकोत. इतिवृत्त त्याच दिवशी, मराठीत, तीन रकान्यांत: काय, कोण, कधीपर्यंत. इंग्रजीत लिहिलेलं इतिवृत्त वॉर्डात कुणी उघडत नाही.

ड्युटी लिस्ट करणं हाही मोठा धडा आहे. पुढच्या महिन्याची यादी दहा दिवस आधी लागली पाहिजे आणि ती लिहायच्या आधी सणांचे दिवस भरायचे. इथल्या घरांत आखाजी आणि कानबाईला लेकीबाळी माहेरी येतात, सातपुड्याकडच्या कर्मचाऱ्यांना होळी मोठी, बाहेरून आलेल्यांना गणपती. कोणी कोणता सण मागच्या वर्षी ड्युटीवर काढला याची नोंद ठेवली तर निम्मी भांडणं होत नाहीत. नव्या शिक्षकाला हे माहीत नसतं आणि पहिल्याच यादीत तो सगळ्या सिस्टरांना नाराज करून बसतो.

अवघड संभाषणं भूमिका घेऊन करायला लावा, पाच-पाच मिनिटं. रोज उशिरा येणारा ज्युनिअर रेसिडेंट. ‘आम्ही असंच करत आलोय’ म्हणणाऱ्या ज्येष्ठ सिस्टर. बदलाला नकार देणारे विभागप्रमुख. बोलण्याचा क्रम: मी काय पाहिलं, त्यामुळे काय झालं, मला काय हवं आहे, तुमची अडचण काय. ‘तू बेजबाबदार आहेस’ ऐवजी ‘या आठवड्यात तीन दिवस तू साडेनऊला आलास, सहा रुग्णांची नोंद राहिली’. बाजूला बसलेल्या तिसऱ्यानं ऐकायचं ते एवढंच: ‘तुमची अडचण काय’ हा चौथा प्रश्न विचारला की नाही, आणि विचारून उत्तर ऐकलं की नाही. कुणाची तक्रार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

रात्री वरिष्ठांना फोन करण्याचा क्रमही इथेच पक्का करून घ्या: आत्ता काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. शेवटचं वाक्य न बोलता फोन ठेवणारे फार असतात.

दहाव्या आठवड्यात प्रत्येकाला पाच मिनिटं: आधीच्या वीस नोंदी, केलेला बदल, नंतरच्या वीस नोंदी. आकडा सुधारला नसला तरी चालेल, पण तो का सुधारला नाही हे सांगता आलं पाहिजे. विभागप्रमुखांना या सत्राला बोलवा.

तीन महिन्यांनी

शेवटच्या दिवशी भरलेला फॉर्म सगळ्यांना सगळं आवडलं एवढंच सांगतो. एप्रिलमध्ये, उन्हाच्या आत, सकाळच्या राउंडला पुन्हा दहा मिनिटं जाऊन उभे राहा आणि पहिल्या आठवड्याआधी काढलेला तो कागद काढा. प्रश्न, स्वतःच दिलेली उत्तरं, विद्यार्थी बोललेला वेळ. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्या शिक्षकाशी पंधरा मिनिटं बसा. ज्यांचा आकडा सुधारला नाही त्यांना पुढच्या तुकडीच्या फक्त मायक्रोटीचिंगच्या दोन सत्रांना बोलवा, पूर्ण कोर्स पुन्हा नको. ज्यांचा सुधारला त्यांतल्या दोघांना पुढच्या दिवाळीनंतरचे दोन गट द्या आणि केसच्या चिठ्ठ्या, वीस वाक्यांची यादी आणि निरीक्षणाचे कोरे कागद असलेली फाइल आत्ताच त्यांच्या ताब्यात द्या.